‘मी मागे पडते, मग घरीच राहू का?’

पत्र थोडक्यात असं. नाशिकच्या एका ताईंनी लिहिलंय. वय 56, शाळेतून नुकत्याच रिटायर झाल्यात. मिस्टर 61, बँकेतून रिटायर, रोज पहाटे गंगापूर रोडला दहा-बारा किलोमीटर सणसणीत चालतात, शुगर आहे पण गोळ्यांवर कंट्रोलमध्ये. दोघांनी मिळून पायी नर्मदा परिक्रमा, म्हणजे एका काठाने जाऊन दुसऱ्या काठाने परत येत आख्ख्या नदीला फेरी, करायची असं ठरलंय, मिस्टरांनी एक्सेलमध्ये प्लॅनही केलाय, रोज 30 किलोमीटर, 90 दिवसांत परिक्रमा पूर्ण. ताई निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर दोनदा त्र्यंबकहून पंढरपूरला चालत गेल्यात पण त्यांचा वेग कमी. सरावाला निघालं की हे पुढे, त्या अर्धा किलोमीटर मागे, हे थांबून घड्याळ बघतात आणि त्या धापा टाकत पोचल्या की लगेच उठून चालायला लागतात. परवा म्हणाले, “तू गाडीने कर, मी पायी करतो, नाहीतर दोघांचीही होणार नाही.” त्यात मुलाने हौसेने 65 लिटरची सॅक आणि टेंट आणून दिलाय. ताई विचारतात, मी यांच्या पायातली बेडी होतेय का? गाडीने जाऊ, हट्टाने पायी जाऊ, की घरीच राहू?

ताई, नर्मदे हर!

तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग जरा लाजच वाटली, कारण या गोष्टीत मी तुमच्या जागी नव्हते, तुमच्या मिस्टरांच्या जागी होते. मी परिक्रमेला गेले ती माझ्या मोठ्या जाऊबाईंबरोबर. मी तेव्हा 48 ची, सह्याद्रीत पंधरा-वीस वर्षं ट्रेक केलेले, राजगड-तोरणा कितीतरी वेळा झालेला, त्यामुळे चालणं मला कुणी शिकवायचं नाही असा एक माज होता. जाऊबाई 57 च्या, ट्रेक हा शब्द त्यांनी फक्त माझ्या तोंडून ऐकलेला, आणि चालायच्या कशा तर भाजीला निघाल्यासारख्या. ओंकारेश्वरहून निघालो तेव्हा मला मनातून हीच काळजी की या मला अडकवणार.

आठ दिवस मी पुढे आणि त्या मागे. मी मुक्कामाला पोचून अंघोळ करून कपडे वाळत घालायची तेव्हा त्या यायच्या, आणि मी उगाच सहनशील चेहरा करून बसलेली असायची (तो चेहरा आता आठवला की स्वतःचाच राग येतो). नवव्या दिवशी बडवानीच्या अलीकडे माझी उजवी नडगी अशी धरली की पाय टेकवेना. संध्याकाळी जाऊबाई आल्या, सॅक उतरवली, माझा पाय मांडीवर घेऊन बघितला आणि म्हणाल्या, “सूज आहे गं, आता चार दिवस तरी बसायचं.” पाच दिवस बसलो. एका छोट्या आश्रमात, जिथे दोन खोल्या आणि एक पडवी. त्या पाच दिवसांत जाऊबाई आश्रमातल्या माताजींना भाकरी थापून द्यायच्या, मैयावर म्हणजे नर्मदेच्या काठी जाऊन बसायच्या, आणि एकदाही, खरंच एकदाही मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटायचं.

तर मुद्दा असा की तुम्ही पत्रात जे गृहीत धरलंय ना, की जो हळू तो कच्चा आणि जो फास्ट तो पक्का, ते दिवसभराच्या चालण्याला लागू असेल कदाचित, पाच महिन्यांच्या चालण्याला लागू नाही. शरीराचं असं असतं की दम आणि स्नायू लवकर तयार होतात, दोन-तीन आठवड्यांत माणसाला वाटतं आपण घोडा झालोय, पण नडगी, टाच, घोटा, तिथल्या स्नायू हाडाला बांधणाऱ्या शिरा आणि हाडं यांना तयार व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणजे फिट माणसाकडे पाय मोडून घेण्याइतका दम असतो, हळू चालणाऱ्याकडे तेवढा नसतो म्हणून तो वाचतो. माझं अगदी हेच झालं.

आता त्या एक्सेलकडे येऊ. नर्मदेची लांबी 1312 किलोमीटर, दोन्ही काठ धरले की 2600 च्या वर, आणि रस्ता काही नदीला चिकटून जात नाही, नाले चुकवायला वळसे, धरणांच्या पाण्यामुळे वळसे, त्यामुळे प्रत्यक्षात आणखी वाढतं. रोज 30 ने 90 दिवस हे गणित कागदावर बरोबर आहे. पण दक्षिण काठाने समुद्राकडे जाताना बडवानीनंतर शूलपाणीची झाडी लागते, म्हणजे सातपुड्यातले चढउतार, आपल्या नंदुरबार जिल्ह्याचा भाग पण त्यातच येतो, तिथे बारा किलोमीटरला आख्खा दिवस जातो. पुढे समुद्राला पोचलात की विमलेश्वरहून नावेने पलीकडे मिठी तलाईला जायचं असतं, आणि ती नाव सुटते भरतीच्या वेळेप्रमाणे, गर्दी असली तर एक-दोन दिवस थांबावं लागतं. भरतीला एक्सेल कळत नाही. मिस्टरांना हे आत्ताच सांगा, नाहीतर तिकडे किनाऱ्यावर बसून चिडचिड तुमच्यावर निघेल!

आणि घाई नक्की कशाची आहे हे मला कळलं नाही. कार्तिकी एकादशीनंतर निघायचं आणि आषाढीला चातुर्मास सुरू व्हायच्या आत पूर्ण करायचं असं धरलं तरी हातात सात महिन्यांच्या वर आहेत. जुन्या पद्धतीत तर तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस म्हणतात. दोघंही रिटायर, कुणाला सोमवारी ऑफिस नाहीये. रोज 18 किलोमीटर धरा, आठवड्याला एक सुट्टी धरा, तरी नोव्हेंबरात निघून एप्रिलअखेर-मेपर्यंत होते. शेवटचा टप्पा, म्हणजे अमरकंटकला नर्मदेच्या उगमाला वळून दक्षिण काठाने परत येतानाचा, मंडला, बरमान, होशंगाबाद म्हणजे आताचं नर्मदापुरम, या बाजूला एप्रिलात ऊन मरणाचं असतं हे खरं, तेव्हा पहाटे साडेचारला निघून दहाच्या आत सावली गाठायची. एवढं सोडलं तर घाईचं एकही कारण मला सापडत नाही.

बरं, अजून एक हिशोब करून बघा, मला याने फार बरं वाटलं होतं. हे तासाला सहा किलोमीटर चालतात असं धरू, तुम्ही चार. 18 किलोमीटरला त्यांना तीन तास, तुम्हाला साडेचार. फरक किती, दीड तास! दीड तासासाठी तुम्ही घरी बसायचा विचार करताय? तेवढ्यात ते अंघोळ करतील, कपडे धुतील, चहा झालेला असेल. त्यांना वाट बघायला त्रास होतो तो दीड तासाचा नाही, रस्त्यात अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरला थांबायचा होतो, आणि तुम्हाला त्रास होतो तो चालण्याचा नाही, कुणीतरी पुढे घड्याळ बघत उभं आहे याचा होतो. मग ते थांबणंच काढून टाका ना.

आम्ही शेवटी हेच केलं. नडगी बरी झाल्यावर सकाळी निघतानाच दोन ठिकाणं ठरवायचो, एक दुपारच्या थांब्याचं आणि एक मुक्कामाचं. मधे कुणी कुणासाठी थांबायचं नाही, ठरलेल्या ठिकाणाच्या पुढे कुणी जायचं नाही, आणि दुपारी मागचा माणूस आला की त्याची विश्रांती पूर्ण होईपर्यंत पुढच्याने उठायचं नाही. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. मागून येणाऱ्याला कधी आराम मिळतच नाही, तो पोचतो तेव्हा पुढचा ताजातवाना उठून उभा असतो, आणि मग लोक म्हणतात हिला दमच नाही. आश्रमात गेलं की विचारतात, “कितनी मूर्ति हैं?”, म्हणजे किती जणं आहात. मी सांगायचे, “दो मूर्ति, एक पीछे आ रही हैं.” तुमच्या मिस्टरांना हे एक वाक्य पाठ करायला सांगा.

फक्त शूलपाणीत आणि जंगलाच्या टप्प्यात वेगवेगळं चालू नका. तिथे नेटवर्क नाही, फाटे फार, आणि एकमेकांना शोधायचं म्हणजे दिवस गेला. तिथे हळू चालणारा पुढे आणि फास्ट चालणारा मागे, ट्रेकला कच्च्या माणसाला मागे सोडत नाहीत त्याच कारणाने. ह्यांना जड जाईल. जाऊ दे. (एरवी तो भाग लोक उगाच भीती घालून सांगतात, पूर्वी तिथे परिक्रमावासींना लुटायचे हे खरंच आहे, मला मात्र त्या पाड्यांवर मक्याची भाकरी आणि झोपायला खाट मिळाली, दुसरं काही नाही.)

आता थोडं गंभीर. तुमच्या आख्ख्या पत्रात काळजी तुमच्या वेगाची आहे, पण मला वाचताना अडकायला झालं ते ‘शुगर आहे पण कंट्रोलमध्ये’ या अर्ध्या वाक्यापाशी. शुगर असलेल्या माणसाच्या तळपायाची जाणीव हळूहळू कमी झालेली असू शकते आणि त्याला ते कळत नाही, कारण न कळणं हाच तो आजार. तुम्हाला फोड आला की तुम्ही ओरडाल, थांबाल. त्यांना फोड येईल, फुटेल, मोज्याला चिकटेल आणि ते 30 किलोमीटर पूर्ण करतील. दुसरं म्हणजे शुगरच्या काही गोळ्या अशा असतात की रोज सहा-सात तास चाललं तर शुगर एकदम खाली जाते, घाम, थरथर, गरगरणं, आणि विनाकारण चिडचिड, हो चिडचिडसुद्धा. असा माणूस एकटा पुढे चार किलोमीटरवर असेल तर काय? तेव्हा निघायच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडे जाऊन तीन गोष्टी करून घ्या, तळपायाची जाणीव तपासणं, गोळ्यांचा डोस चालण्याच्या हिशोबाने ठरवणं, आणि शुगर खाली गेली तर काय करायचं हे दोघांनीही ऐकून घेणं. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी, त्यांच्याही आणि तुमच्याही. आणि बरेच परिक्रमावासी अनवाणी चालतात ते बघून त्यांच्या मनात तसं काही असेल तर त्यांना साफ नाही म्हणा. भक्ती वेगळी, शुगर वेगळी.

म्हणजे बघा, बेडी कोण आणि आधार कोण हे पत्रात लिहिलंय तितकं सरळ नाहीये.

गाडीच्या परिक्रमेला मी कमी लेखणार नाही. पंधरा-वीस दिवसांत होते, ज्यांच्या गुडघ्यांनी हात टेकलेत त्यांच्यासाठी ती चांगलीच आहे, माझ्या आईने तशीच केली आणि तिला अमरकंटकला जेवढं रडू आलं तेवढं मला पायी जाऊनही आलं नाही. पण तुम्हाला गाडीने जायचं असेल तर ते तुम्हाला हवंय म्हणून जा, तुम्हाला कुणीतरी ओझं म्हटलं म्हणून जाऊ नका. निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर दोनदा गेलेली बाई म्हणजे 400 किलोमीटरच्या वर दोनदा चाललेली बाई. आणि तिथे तुम्ही कधी मागे पडलात? नाही ना? कारण दिंडी सगळ्यात तगड्या माणसाच्या वेगाने चालतच नाही, म्हातारी डोक्यावर तुळस घेऊन चालते त्या वेगाने चालते आणि तरी दशमीला पंढरपुरात असते. वारीत आणि परिक्रमेत फरक आहे तो दुसऱ्या दोन गोष्टींचा, वारीत सामान ट्रकमध्ये असतं आणि मुक्काम कुणीतरी ठरवलेला असतो. परिक्रमेत दोन्ही तुमच्या पाठीवर.

म्हणून आता सॅक. 65 लिटरची नको हो! मोठी सॅक घेतली की ती भरतेच, रिकामी जागा आपल्याला बघवत नाही. 35-40 लिटरची पुरे, आणि पाणी सोडून सगळं मिळून पाच-सहा किलोच्या आत. टेंट, स्टोव्ह काही लागत नाही, आश्रम, धर्मशाळा, देवळाची ओसरी, नाहीतर गावातलं कुणी ना कुणी आत बोलावतं. जेवण मिळतं, कुठे शिजवलेलं, कुठे सदावर्त म्हणजे पीठ-डाळ-तांदूळ, ते आपण शिजवायचं, त्यासाठी एक छोटं पातेलं दोघांत. दोन जोड कपडे, एक अंगावर एक सॅकमध्ये, पातळ मॅट, हलकी स्लीपिंग बॅग, एक बऱ्यापैकी स्वेटर आणि कानटोपी कारण डिसेंबर-जानेवारीत नदीकाठी पहाटे हाडं गोठतात. मी 12 किलो घेऊन निघाले होते, बडवानीहून चार किलोचं पार्सल पोस्टाने घरी पाठवलं, त्यात एक हेअर ऑइलची मोठी बाटली आणि तीन पुस्तकं होती. एक गोष्ट मात्र वाटून घेऊ नका. औषधं, टॉर्च, पैसे, ओळखपत्र, परिक्रमेचं शिक्के मारायचं पत्र, थोडा खाऊ, हे प्रत्येकाचं प्रत्येकाजवळ. ‘टॉर्च ह्यांच्याकडे आहे’ असं म्हणायची वेळ अंधारातच येते.

बूट अर्धा नंबर, जमलं तर एक नंबर मोठे घ्या, आठवडाभरात पाय सुजून पसरतात आणि मग नखं काळी पडतात. नवे बूट घालून निघू नका, दोन महिने तरी वापरलेले हवेत. फोड येतो तो घासण्याने आणि ओलाव्याने, म्हणून दुपारी थांबलात की बूट-मोजे काढून पाय वाळवायचे, दुसरे मोजे घालायचे, सकाळचे सॅकला बाहेर लटकवायचे. टाचेला नुसतं गरम लागल्यासारखं वाटलं की त्याच मिनिटाला थांबून कागदी चिकटपट्टी लावायची, ‘पुढच्या गावात बघू’ म्हटलं की फोड आलाच समजा. डांबरी रस्ता दिसायला सोपा पण पायाला सगळ्यात वाईट, कडेची माती मिळाली तर तिथून चाला. काठी प्रत्येकी एक हवीच, उतारावर गुडघ्यासाठी आणि गावात शिरताना कुत्र्यांसाठी.

बायकांचं एक कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. लघवीला जागा नाही म्हणून आपण पाणी कमी पितो, आणि मग दहाव्या दिवशी जळजळ आणि ताप. असं करू नका. पहाटे अंधारात निघा, रस्त्याला शेतं असतात, जुन्या ओढणीचा किंवा साडीचा एक मोठा तुकडा आडोशाला जवळ ठेवा, आणि आश्रमात शिरल्या शिरल्या तिथल्या बाईमाणसाला गाठून विचारा. मिस्टर पुढे गेलेले असताना हे सगळं किती सोपं होतं हे तुम्हाला आपोआप कळेल.

एवढं वाचूनही मन डळमळत असेल तर एक करा, दोघांनी मिळून, भरलेली सॅक घेऊन. नाशिकहून त्र्यंबकला चालत जा, 28-30 किलोमीटर आहे, पण दोन दिवसांत जा, मधे कुठेतरी मुक्काम करा. तिसऱ्या दिवशी ब्रह्मगिरीची फेरी मारा, वीसेक किलोमीटर. पहिल्या दिवशी कोण किती चाललं याला काही अर्थ नाही, पहिल्या दिवशी कुणीही चालतं. तिसऱ्या दिवशी पहाटे अंथरुणातून उठताना कोण ‘आई गं’ म्हणतंय ते बघा. तुम्हीच असाल असं मला तरी वाटत नाही, पण असलात तरी हरकत नाही, महिना अजून सराव करा नाहीतर पुढच्या वर्षी जा. आणि वर मी ठरवाठरवीचं जे लिहिलंय, दोन ठिकाणं, मधे थांबायचं नाही, दुपारी उठायची घाई नाही, ते याच तीन दिवसांत करून बघा. तिथे जमलं तर तिकडे जमेल. तिथेही हे घड्याळ बघत उभेच राहिले तर मग मात्र बसून बोलायला लागेल, आणि ते बोलणं चालण्याबद्दल नसेल, हे तुम्हाला 30 वर्षांच्या संसारानंतर मी सांगायला नको.

सुरुवात हळू म्हणजे खरोखर हळू करा, पहिले दहा दिवस 12 ते 15 किलोमीटर, दोघांनीही. मिस्टरांना मानवणार नाही, त्यांना माझी नडगी सांगा.

आणि संध्याकाळचं एक काम ठरवून टाका. मुक्कामाला हातपाय धुतले की उजेड असेतो त्यांचे तळपाय तुम्ही बघायचे, बोटांच्या मधे, टाचेखाली, सगळीकडे, आणि तुमचे त्यांनी. पाच मिनिटं लागतात. स्वतःचा तळपाय स्वतःला नीट दिसत नाही, आरसा घेऊन वाकायला लागतं, आणि दिवसभर चालल्यावर कमर वाकत नाही. मुलाची 65 लिटरची सॅक त्याला परत द्या, त्याला हिमालयात उपयोगी पडेल.